नऊ नंबरचा पिंगळा

चेन्नईत असताना मी वर्षभर लोकांना भविष्य सांगत होतो. त्यातलं काही खरं ठरलं असेल तर त्यात माझा दोष नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट असावी. मी सांगलीकडचा, नुकता इंजिनिअर झालेला, आणि गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलेला. काम सोपं होतं. समोर ड्रॉइंग ठेवायचं, हातात भाग घ्यायचा आणि दोघं एकमेकांसारखे दिसतात का ते बघायचं. दिसले तर हिरवी चिठ्ठी, नाही दिसले तर लाल. राहायला मी तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये होतो. मॅन्शन हे ऐकून घरी फार आनंद झाला होता. आईने ते चार ठिकाणी सांगितलंही. चेन्नईत मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांनी राहायची चारमजली इमारत, आणि एका खोलीत असे तीन एकटे पुरुष असतात. आमच्या खोलीत मी होतो, सॉफ्टवेअर कंपनीतला एक नागपूरकर होता आणि तिसरा कायम झोपलेला असायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल मला फारसं काही सांगता येणार नाही.

रविवारी तिरुवल्लिकेणीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात. तिथे पुस्तकांच्या ढिगात मला साबणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेले चित्रांचे पत्ते मिळाले. हे टॅरो म्हणून असतात आणि त्यावरून भविष्य सांगतात, एवढं मला एका मासिकामुळे ठाऊक होतं. सोबत माहितीची पुस्तिका नव्हती. शिवाय आधीच्या मालकाने, बहुधा खोक्यात मावावेत म्हणून, सगळे पत्ते खालून कात्रीने कापले होते. प्रत्येक पत्त्याचं नाव नेमकं तिथेच छापलेलं असतं हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी समजूत अशी की पत्ते असेच असतात, जरा आखूड.

पुस्तिका नाही म्हणून मी थांबलो नाही. जो माणूस ड्रॉइंग वाचू शकतो तो चित्रही वाचू शकतो, असं मी स्वतःला बजावलं. कंपनीच्या बसमध्ये गुम्मिडिपूंडीपर्यंत जायला भरपूर वेळ असायचा. तिथे मी धंदा सुरू केला. एका पत्त्यावर पालथा पडलेला माणूस होता आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी खुपसलेल्या होत्या. हा पत्ता कॅन्टीनच्या सुपरवायझरला निघाला. मी त्याला विचारलं, पाठ दुखते का. तो माझ्याकडे बघतच राहिला. आठ तास उभं राहणाऱ्या माणसाची पाठ दुखते हे सांगायला तलवारी लागत नाहीत, पण त्या दिवसापासून मला कॅन्टीनमध्ये दुसरा वडा न मागता मिळायला लागला. मरीना बीचवर पिंजऱ्यातल्या पोपटाकडून पत्ते काढवून भविष्य सांगणारे बसायचे. त्यांच्याकडे मी जाता-जाता व्यावसायिक नजरेने बघायचो. नागपूरकर म्हणायचा, "त्यायच्यात आन् तुझ्यात एक फरक आहे बे. पोपट तोंड बंद ठेवते."

माझा सगळ्यात आवडता पत्ता नऊ नंबरचा. वर रोमन आकड्यात नऊ, खाली एक दाढीवाला म्हातारा. अंगावर पायघोळ करडं पांघरूण, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वर धरलेला कंदील, पाठीमागे अंधार. मला तो बघताक्षणी ओळखू आला. आमच्या गावात थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे पिंगळा यायचा. अंगावर घोंगडी, हातात कंदील. तांबडं फुटायच्या आत दारादारासमोर उभं राहून डमरूसारखं कुडमुडं वाजवायचा आणि घराला बरं भविष्य सांगायचा. आई सुपातून जोंधळे घालायची. हा पत्ता म्हणजे पिंगळा, यात मला तिळमात्र शंका नव्हती. कुडमुडं दिसत नव्हतं, ते घोंगडीच्या आत असेल असं मी धरून चाललो. त्याच्या पायाखाली पांढरं काहीतरी होतं. ते मी धुकं ठरवलं. बर्फ मी तोवर फक्त रसवंतीगृहात पाहिला होता. कारखान्यात एखादा भाग ड्रॉइंगशी इतका विसंगत आला असता तर मी त्याला डोळे मिटून लाल चिठ्ठी लावली असती.

तर नऊ नंबर म्हणजे दारी कुणीतरी येणार, चांगली बातमी आणणार, एकटं वाटत असेल तर ते संपणार. बसमधल्या दोघा-तिघांना मी हे सांगितलं होतं आणि ते खूश झाले होते. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला कुणीतरी येणार म्हटलं की बरं वाटतंच. मला तर फारच वाटलं असतं. माझ्याकडे कुणी येत नव्हतं.

मी मात्र एका ठिकाणी जात होतो. दर रविवारी, अक्कांकडे.

अक्कांची ओळख एसटीडी बूथमध्ये झाली. मी घरी फोन लावला होता आणि मेसच्या भाजीबद्दल आईला ओरडून सांगत होतो. बूथचं दार उघडं होतं. बाहेर उभी असलेली साठीची, चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली एक बाई आत डोकावली आणि मराठीत म्हणाली की ओरडू नको, तार तुझा आवाज नेते आहे, तू तिला मागून ढकलू नको. मी इतका दचकलो की आईला न सांगताच रिसीव्हर ठेवला. आई पुढचा आठवडाभर काळजीत होती.

अक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी तिकडून इकडे आले आणि येताना बरोबर जे मराठी आणलं ते त्यांनी तसंच जपून वापरलं, मधेमधे तमिळचं ठिगळ लावून. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिणं माझ्या आवाक्यातलं नाही. मी ते माझ्या भाषेत लिहितो. वाचणाऱ्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर न्यावा, म्हणजे जमेल. मला त्या 'तिकडचा' म्हणायच्या. सांगली, नागपूर, मुंबई, त्यांच्या लेखी सगळं एकच गाव होतं आणि ते खूप वर जाऊन डावीकडे होतं.

टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून या शहराला त्या शहराशी जोडून दिलं. आता निवृत्त. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं: एक खोली, स्वयंपाकघर, आणि रस्त्याकडे उघडणारी, एक खुर्ची मावेल एवढी गॅलरी. खुर्ची एकच होती. मला जेवायला पाटावर बसवत आणि स्वतः दाराशी उभ्या राहून वाढत. आधी सांबार-भात, मग रसम-भात, मग ताक-भात, सोबत उडदाच्या पिठाचं डांगर आणि कधी पिठलं. डांगर बघून मला पहिल्यांदा रडू आलं होतं. त्यांनी ते तिखटामुळे आहे असं समजून पुढच्या वेळी मिरची कमी घातली, आणि मीही खुलासा केला नाही.

रविवारी बाराला मी हजर असायचो आणि तीनपर्यंत हलायचो नाही. मी बोलायचो आणि त्या ऐकायच्या. कारखाना, साहेब, बसमधली माझी कीर्ती. त्या एकट्या, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सासू दोन वर्षांपूर्वी गेलेली. एकट्या बाईला तेवढीच सोबत, असा माझा हिशेब होता. म्हणजे जेवण मी त्यांच्यासाठी जेवत होतो.

एका रविवारी त्या गप्प-गप्प होत्या. तशा त्या नेहमीच गप्प असत, पण त्या दिवशी माझ्यासुद्धा लक्षात आलं. ताक-भातापाशी त्यांनी सांगितलं की बेंगळुरूला त्यांचा धाकटा भाऊ आहे, सरकारी कारखान्यात नोकरीला. तो दर आठवड्याला फोन करून म्हणतो की अक्का, इकडे ये, आमच्यात राहा, या वयात बाईमाणूस एकटं राहतं हे बरं दिसत नाही, लोक मला विचारतात. त्याचं घर मोठं, भावजय चांगली, नातवंडं आहेत. नाही म्हणायला काही कारणच नाही. त्यांनी देवळात जाऊन कौलही लावून बघितला होता. तिकडे दोन पुड्या बांधतात, एकीत लाल फूल आणि एकीत पांढरं, आणि देवापुढे ठेवून एक उचलतात. लाल निघालं. पण लाल म्हणजे जायचं की राहायचं, हे आधी ठरवायचं त्या विसरल्या होत्या.

"तुझे ते पत्ते आणलेस?" त्यांनी विचारलं.

पत्ते माझ्या शर्टाच्या खिशातच असायचे. मी हात धुतले, जमिनीवर पत्ते पसरले आणि मनात प्रश्न धरून एक उचलायला सांगितलं. मनात कशाला, त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानेच विचारलं, "मी इथं एकटी राहू का जाऊ?"

उचललेला पत्ता नऊ नंबरचा होता.

मला खरोखर आनंद झाला. एवढा चांगला पत्ता एवढ्या गरजू माणसाला निघावा. मी पाटावर मांडी ठोकून त्यांना पिंगळा समजावून सांगितला. पहाट, घोंगडी, कंदील, सुपातले जोंधळे, सगळं. आवाज खाली आणून म्हणालो, "अक्का, तुमच्या दारी माणूस येणार. तुमचं एकटेपण आता संपलं."

माझा मनातला डाव असा होता की दारी कुणीतरी येणार म्हटल्यावर बाई दार सोडून जाणार नाही. येणारा माणूस म्हणजे वाटल्यास मीच, दर रविवारी. पण हे उघड बोलणं शोभलं नसतं, म्हणून पत्त्यावर सोडलं.

अक्का पत्त्याकडे बघत राहिल्या. मग "सरी" म्हणाल्या. तमिळमध्ये सरी म्हणजे बरं, ठीक. मी ते आनंदाचं सरी समजलो. त्यांनी माझं पान उचललं. मला अजून ताक-भात हवा होता.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा खोलीच्या मधोमध पत्र्याची मोठी ट्रंक होती आणि अर्धी भरलेली होती. पिठलं नव्हतं. अक्का साड्यांमध्ये वर्तमानपत्र घालून घड्या करत होत्या. त्यांनी भावाला ये म्हणून सांगितलं होतं. तो शुक्रवारी सकाळच्या गाडीने येऊन त्यांना घेऊन जाणार होता आणि आल्यावर घरमालकाशी बोलून घर सोडायचं नक्की करणार होता.

"तूच सांगितलंस ना," त्या म्हणाल्या. "दारी माणूस येणार, एकटेपण संपणार. दुसरा कोण येणार आहे माझ्याकडे? पत्तासुद्धा तेच म्हणतो तर मी किती वेळ भांडू."

मग घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता त्या जे बोलल्या ते मला अजून आठवतं. तंजावरला त्यांच्या घरात तेरा माणसं होती. लग्न होऊन इथे आल्या तर याच एका खोलीत सासू, सासरे, दीर, नवरा. कामावर गेलं की एका रांगेत चाळीस बायका आणि कानात बाकीचं शहर. दोन वर्षांपूर्वी सासूचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी करताना त्यांना समजलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा एकट्या आहोत. त्या कॉफी घेऊन गॅलरीत बसल्या आणि ती गार होईपर्यंत कुणी हाक मारली नाही.

"हे कुणाला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सासू गेली आणि मला बरं वाटलं, असंच ऐकू जातं ते. म्हणून म्हटलं पत्त्याला विचारू. तो तरी म्हणेल, राहा."

मी ट्रंकेच्या कडेवर बसलो होतो. मला बसायला दुसरं काही नव्हतं. तीन तास एकट्या बाईला सोबत म्हणून माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून नक्की काय करत असतील, हे मला तेव्हा हळूहळू दिसायला लागलं. त्या वाट बघत असाव्यात. तीन वाजायची.

मॅन्शनवर येऊन नागपूरकराला सगळं सांगितलं. तो पालथा पडून मोजे शोधत होता. ऐकून उठून बसला.

"म्हणजे तू त्या बाईले पोत्यात भरून बेंगळुरूले पाठवलं," तो म्हणाला. "आन् वरून थ्या म्हाताऱ्या पिंगळ्याची पावती बी देली."

मी म्हणालो की पत्त्याचा आणखी एखादा अर्थ असेल. चांगल्या गोष्टीला दोन अर्थ असतात. कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन इंटरनेटवर बघू. खरं सांगायचं तर मला त्या वेळी अक्कांचं घर वाचवायचं होतं की माझा रविवार, हे मी स्वतःला विचारून बघितलं नाही. दोन्ही एकाच पत्त्यावर होते.

ब्राउझिंग सेंटरमध्ये तेव्हा चित्र वरून खाली उतरायचं, एकेक पट्टी, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं. आधी रोमन नऊ आलं. मग टोपीचं टोक, मग कंदील, मग दाढी. नागपूरकर म्हणाला की पिंगळाच वाटते बे. मग काठी आली, मग पाय, मग पांढरं धुकं. आणि शेवटी खाली एक पट्टी आली, जी माझ्या पत्त्यांवर नव्हती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा संन्यासी आहे, एकांतवासी.

खालचा मजकूरही वाचला. पायाखाली बर्फ आहे. तो उंच शिखरावर उभा आहे. कुणाच्या दारी आलेला नाही, सगळ्यांची दारं मागे सोडून वर गेला आहे. कंदील दुसऱ्यांना दाखवायला नाही, स्वतःच्या पावलापुरता आहे. अर्थ: स्वतःहून निवडलेला एकांत, आणि त्यात मिळणारं शहाणपण. पत्ता उलटा आला तर मात्र नुसता एकाकीपणा.

मी तीनदा वाचलं. नागपूरकराने खुर्ची पुढे ओढून स्वतःही वाचलं. शेवटी म्हणाला, "बाईनं बरोबर पत्ता काढला होता. वाचणारा चुकला."

धीर व्हायला गुरुवार उजाडला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. तपासणीत चूक झाली आहे, चुकीचा माल पुढे गेला आहे, तो परत बोलवायचा आहे, असं मी सांगितलं. ते इतके घाबरले की लगेच सोडलं, आणि नंतर दोन दिवस गोदाम तपासत होते. लोकलने सेंट्रलला आलो, तिथून बसने, तिथून पळत. चारच्या सुमाराला अक्कांच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा मला दम लागला होता. ट्रंक बंद होती आणि वर कुलूप लटकत होतं.

मी दारातूनच सुरुवात केली. पत्ता चुकला, म्हणजे पत्ता बरोबर होता, मी चुकलो. हा पिंगळा नाही. हा एकांतात राहणारा माणूस आहे. पत्ता म्हणत होता, राहा.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांचा व्यवसायच होता. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुठं जेवणार आहेस?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि कान तापले. मी घाबरून जे बोलायला नको ते बोललो. म्हणालो की मेसमध्ये, पण तिथलं सांबार पाणचट असतं.

"हां," अक्का म्हणाल्या. "म्हणून पत्ता बदलला."

आयुष्यात एकदाच मी खरं भविष्य घेऊन आलो होतो, आणि ते माझ्या तोंडून कुणी घ्यायला तयार नव्हतं. चूक त्यांची नव्हती. एक वर्ष मी त्यांच्याकडे फक्त जेवताना दिसलो होतो. मग मी सगळंच सांगून टाकलं. साबणाचं खोकं, नसलेली पुस्तिका, खालून कापलेले पत्ते, सुपरवायझरची पाठ, दुसरा वडा. मला काहीही येत नाही, मी चित्र बघतो आणि मनाला येईल ते सांगतो, हेही सांगितलं. पिंगळा आमच्या गावात यायचा म्हणून मला पिंगळा दिसला. आणि मला घरची आठवण येते म्हणून मला वाटलं की तुम्हालाही कुणीतरी यायला हवं असेल. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"दाखव," त्या म्हणाल्या.

मी पत्ता दिला. त्यांनी चष्मा पुसला, पत्ता घेऊन गॅलरीत उजेडात गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी आत उभा होतो. गॅलरीत दुसरा माणूस मावत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हा चालत नाही. उभा आहे. पाय बघ."

मी म्हणालो, हो.

"दारी आलेला माणूस समोर बघतो. हा खाली बघतो. म्हणजे खाली कुणीतरी आहे, नाहीतर कुणीच नाही. हे पांढरं काय?"

"बर्फ."

"थंडी वाजत असेल."

"वाजत असेल," मी म्हणालो.

"पण तो उतरत नाही." त्यांनी पत्ता जरा लांब धरला. "उलटा आला तर वाईट, असं म्हणालास ना?" त्यांनी पत्ता उलटा करून बघितला. म्हातारा डोक्यावर उभा राहिला, कंदील खाली लोंबला. अक्कांनी मान तिरकी केली. "उलटा धरला तर पडणारच की तो. उलटा कशाला धरायचा?"

त्यांनी पत्ता सुलटा करून मांडीवर ठेवला, आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. खाली भाजीवाली ओरडत होती, एक रिक्षा दुसऱ्या रिक्षाला वाट देत नव्हती. एकांतासाठी ही गॅलरी काही आदर्श नव्हती. पण वर कुणी आलं नाही.

मग त्या उठल्या, आत आल्या आणि फोनपाशी गेल्या. मी जायला निघालो, तर हातानेच थांब म्हणाल्या. बेंगळुरूचा नंबर त्यांनी न बघता फिरवला. पलीकडे भाऊच होता. अर्धं तमिळ, अर्धं त्यांचं मराठी, आणि आवाज ऑपरेटरचा, एकाच उंचीवर चालणारा. उद्या येऊ नको, त्यांनी सांगितलं. नाही, तब्येत बरी आहे. नाही, भांडण नाही, भावजयीवर राग नाही, पोंगलला येईन, चार दिवस राहीन. नाही, कुणी काही सांगितलं नाही. इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ट्रंकेकडे.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मला फक्त गुणगुण ऐकू येत होती. मधे एकदा अक्कांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला आवडतं," त्या म्हणाल्या. "एकटीला. आवडतं म्हणून राहते."

पलीकडची गुणगुण थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा हळू. लोक काय म्हणतील, असं काहीतरी असावं.

"लोकांचं बोलणं मी तीस वर्षं ऐकलंय," अक्का म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी."

त्यांनी रिसीव्हर ठेवला, अगदी हलकेच, आवाज न करता.  हात त्यांनी पदराला पुसला, ओला नसताना. मला वाटलं आता काहीतरी मंगल बोललं पाहिजे. मी तोंड उघडलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता तू."

मी तोंड मिटलं.

"आधी ही ट्रंक माळ्यावर टाक. एकटीला जमणार नाही. मग रविवारी येऊ नको."

"या रविवारी?"

"रविवारी." त्यांनी तो शब्द असा म्हटला की त्यात सगळे रविवार आले. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही. तू पोरगा चांगला आहेस. फार बोलतोस. मला वाटलं तर मी तुला बोलावीन."

माझ्याकडे फोन नाही, मी म्हणालो. मॅन्शनच्या मॅनेजरकडे एक आहे, पण त्याचा नंबर मलाही माहीत नाही.

"नंबर मी काढीन," अक्का म्हणाल्या. "तेच काम केलं मी."

ट्रंक चढवायला मला वीस मिनिटं लागली. साड्या, तांब्याची भांडी आणि वर्तमानपत्रं सगळी आतच होती. आधी रिकामी करू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या की राहू दे, लागेल तसं काढीन. दोनदा ती माझ्या अंगावर आली. त्या खाली उभ्या राहून डावीकडे, जरा उजवीकडे, एवढंच सांगत होत्या. ट्रंक एकदाची आत सरकली तेव्हा माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी मला लोटीभर ताक दिलं. मी ते उभ्यानेच प्यायलो आणि जिन्याकडे निघालो. पत्ता त्यांनी परत दिला नाही, मीही मागितला नाही. बाकीचे पत्ते मी त्याच आठवड्यात फुटपाथवरच्या माणसाला परत नेऊन दिले. एक कमी आहे हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, चालतं, कुणी मोजत नाही.

पण ते नंतर. त्या वेळी माझ्यामागे दार लागलं, मग कडी सरकली, आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलो. आतून रेडिओ लागेल, भांडं वाजेल, निदान खुर्ची सरकेल, असं मला वाटलं. मी बराच वेळ कान देऊन उभा होतो. आत काहीच झालं नाही. मग मी होता होईल तेवढा आवाज न करता खाली उतरलो.